निवडलेली गवार

शेजारचे काका गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी मी काकूंना भेटायला गेले. त्या भिंतीला टेकून गवार निवडत होत्या. "आदल्याच दिवशी ह्यांनी आणली. कोवळी आहे ना?" एवढंच म्हणाल्या.

मी बसून राहिले, आणि कशाची वाट बघत होते ते सांगायचीही लाज वाटते. काकूंच्या रडण्याची. मालिकेत रोज बघते ना, आधी हुंदका, मग भिंतीवरचा फोटो, मग तीन-तीनदा तोच ओला चेहरा. इतकी वर्षं ते बघून दुःख म्हणजे तेवढंच, असं डोक्यात बसलंय. काकूंचा चेहरा तसा नव्हता. अशा घरातून निघताना 'येते' म्हणायचं नसतं, म्हणून मुकाट्यानं उठले आणि घरी येऊन सुनेला म्हटलं, "काकूंना फारसं काही वाटलेलं दिसत नाही."

संध्याकाळी मालिकेत कुणाचा तरी नवरा गेला. ती बाई कोसळली, संगीत वाढलं आणि माझे डोळे घळाघळा वाहायला लागले.

पदरानं ते पुसताना मला काकूंचं गवारीचं ताट आठवलं. त्यांच्याकडे चूल बंद होती, जेवणाचा डबा आमच्याकडूनच जात होता. तरीही ताट रिकामं झालं, की काकू निवडलेली गवार परत त्यात ओतून घेत आणि पहिल्यापासून निवडायला लागत. माझ्यादेखत दोनदा तसं झालं होतं. मी हातभर अंतरावर बसून त्यांच्या डोळ्यांत पाणी शोधत होते.