तिखटकान

आमच्या ह्यांना सगळे 'तिखटकान' म्हणतात. गॅरेजच्या पाटीवर दुसरंच काहीतरी नाव आहे, ते कुणाच्या लक्षातही नाही. गाडीची चावी अर्धी फिरवली की पेट्रोलच्या टाकीतला पंप मागच्या सीटखाली क्षणभर घूंऽ करतो. तेवढ्यावर हे सांगायचे, पंप ठणठणीत आहे, थकलाय, की गेला. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी गॅरेजमध्ये उघडते. जेवताना बाहेर कुणी चावी फिरवली की हातातला घास तसाच धरून म्हणायचे, "याचा पंप लवकरच मान टाकणार." आणि टाकायचा! लोक तोंडात बोटं घालायचे.

ह्यांचा एक नियम आहे. पंप कानाने ऐकल्याशिवाय चावी पुरती फिरवून स्टार्टर मारायचा नाही. "आधी ऐक, मग मार," असं त्यांच्या उस्तादाने शिकवलेलं. मुक्या पंपावर स्टार्टर मारत बसलं तर बॅटरीचा फुकट जीव जातो म्हणे. एवढा हट्टी माणूस! ब्रह्मदेव आला तरी नियम मोडणार नाहीत.

माझं बोलणं मात्र ह्या तिखट कानांत कधी शिरलं नाही. "अहो, दुधाकडे बघा," म्हणावं, तर हे पेपरात आणि दूध शेगडीवर. हाका मारमारून घसा बसायचा माझा. बहिणीला मी म्हणायचे, "पालथ्या घड्यावर पाणी गं! पंपाचं ऐकतील, बायकोचं नाही." ती म्हणायची, "आमच्याकडे काय वेगळं आहे?" आणि आम्ही दोघी हसायचो. नवरा बायकोचं ऐकत नाही, यात नवल ते काय?

तर शाळेतल्या बाईंची गाडी आली. चढावर बंद पडायची, जरा गार झाली की चालायची, आणि आता सुरूच होईना. ह्यांनी चावी अर्धी फिरवली, मान तिरकी केली आणि म्हणाले, "पंप गेला." मागची सीट उचलून खाली ठेवली, टाकीचं झाकण खोललं, जुना पंप काढला. दुकानातून नवा आणून बसवला, वायर जोडली. मी खिडकीशी भांडी विसळत होते. ह्यांनी चावी अर्धी फिरवली.

घूंऽ. मला चांगलं ऐकू आलं.

"हाही मेलेलाच!" हे ओरडले.

मला वाटलं, चांगल्या पंपाचा आवाज वेगळा असेल. मला काय कळतंय त्यातलं? तोवर ह्यांनी पंप काढला आणि तणतणत दुकान गाठलं. पार्टवाला ह्यांचा जुना मित्र. "तुझ्या कानापुढे मी काय बोलणार बाबा," म्हणून त्याने मुकाट्याने दुसरा दिला.

दुसरा बसवला. या खेपेला मी नळ बंद करून उभी राहिले. घूंऽ. ह्यांनी चावी मागे घेतली, पुन्हा फिरवली. पुन्हा घूंऽ, अगदी पहिल्यासारखंच.

"सगळा खोटा माल भरलाय त्याने. मित्र म्हणवतो आणि गळा कापतो, चोर लेकाचा!"

मी खिडकीतून म्हटलं, "वाजतोय की."

मी पुन्हा म्हटलं, "अहो, वाजतोय!" ह्यांची पाठ माझ्याकडे होती. ती तशीच राहिली. दूध, हाका, पेपर, सगळं एकदम आठवलं. ओल्या हातांनीच गॅरेजमध्ये गेले आणि त्यांच्या खांद्याला हात लावला. ते केवढ्याने दचकले! "कधी आलीस तू?" माझ्या चपला फटाफटा वाजतात, अख्ख्या आळीला कळतं मी चाललेय ते.

"वाजतोय," मी म्हटलं.

ते माझ्या ओठांकडे बघत होते. "अकरा वाजले असतील," म्हणाले.

देवा रे! हसू की रडू, मला कळेना. मी वाकले आणि चावी पुरती फिरवली. "अगं, नियम..." ते म्हणेपर्यंत गाडी सुरू झाली. दारावर ठेवलेला त्यांचा हात गाडीबरोबर थरथरायला लागला. त्यांनी हाताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि गाडी बंद केली. मग खाली ठेवलेल्या सीटवर जाऊन बसले.

"पहिलाही वाजत होता?"

मी मान डोलावली.

"चोर म्हणालो मी त्याला."

डॉक्टरकडे जाऊ, कानाला लावायचं यंत्र मिळतं, तुमचे हात तर शाबूत आहेत, असं किती काय माझ्या ओठांवर आलं. पण सांगू कशी? ओरडून? ओरडले असते तर ह्यांच्याआधी रस्त्यावरच्यांना कळलं असतं की तिखटकान बहिरा झाला. रोज चुरूचुरू चालणारी माझी जीभ, आणि नेमकी आज तिचा काही उपयोग नव्हता.

भिंतीशी एक पत्र्याचा डबा आहे. गिऱ्हाइकांच्या गाड्यांतून गेलेले म्हणून काढलेले पंप ते त्यात टाकतात. हे उठले, डबा ओढून बॅटरीजवळ आणला. एक पंप पुसला, मुठीत धरला, दोन वायरी लावल्या आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"वाजतोय?"

पंप वाजत होता. त्यांच्या मुठीत तो थरथरत होता, म्हणजे त्यांना कळलंच होतं. तरी ते माझ्याकडे बघत राहिले.

मी मान डोलावली. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि डब्यातून दुसरा काढला.