तिसऱ्या भागातली हाक

मागच्या आठवड्यात पोरीने तिच्या लॅपटॉपवर त्या शिकारीच्या खेळाचा इतिहास मला वाचून दाखवला. पहिला भाग कसा निघाला, दुसऱ्यात नवीन काय होतं, तिसऱ्यानंतर खेळ बनवणारी मंडळी कशी पांगली, चौथ्याची लोकांनी किती वाट पाहिली, सगळं त्यात होतं. तिसऱ्या भागाबद्दल एक ओळ होती. या भागापासून जनावराला बोलावण्यासाठी हाकेची सोय झाली. पोरगी ती ओळ वाचून पुढे गेली. मी लसूण सोलत होते, माझा हात तिथेच थांबला.

त्या ओळीने आमच्या शिवारात काय केलं ते कोणत्या इतिहासात येणार नाही. म्हणून पोरीच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर मी लिहिते आहे. माझी शाळा चौथीपर्यंत. हे कोणाला दाखवायचं नाही.

तो खेळ मी कधी पाहिला नाही. फक्त ऐकला.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी पोरीच्या वडिलांनी शहाद्याहून एक जुना कॉम्प्युटर आणला. तेव्हा ते तिथे एका मारवाडी शेठच्या दुकानात दुरुस्तीच्या कामाला होते. पुढच्या खोलीत टेबलावर तो ठेवला. मागे चूल. संध्याकाळी ते खेळत आणि मी त्यांच्याकडे पाठ करून भाकरी करत असे. त्या कॉम्प्युटरमध्ये खेळाचा पहिला भाग होता. एकच जंगल, एकाच जातीचं हरीण. बंदूक वाजली की पत्र्यावर दगड पडल्यासारखा आवाज यायचा. तरी दर वेळी माझ्या हातून पीठ सांडायचं.

ते हसायचे. "खोटी बंदूक शे वं ती. काचमाईन गोळी भाईर येत नही."

कधी हरीण झाडात अडकून जागच्या जागी थरथरत राहायचं. मग मला हाक मारायचे, "ये, देख, कसं नाची ऱ्हायनं!" मी गेले नाही. नाचणारं असलं तरी ते मरणार होतं.

मी मुळातच भित्री. माझं माहेर तळोद्याच्या वर, डोंगराच्या पायथ्याशी. चौथीपर्यंत शाळा गावात होती. पाचवीसाठी नाल्यापलीकडच्या गावात जावं लागे, वाटेत दाट झाडी. मी पाचवीत जाणार त्याच वर्षी वाघाने नाल्यातून वासरू ओढून नेलं. आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. आई म्हणाली, "पोर आते घरीच ऱ्हाई." दप्तर खुंटीला लागलं ते लागलंच. तेव्हापासून मी मोठ्याने बोलले नाही, की अंधार पडताना एकटी कुठे गेले नाही.

दुसरा भाग आला तेव्हा पोरगी रांगत होती. त्यात पावलं आली. ओल्या गवतावरचं पाऊल वेगळं, वाळक्या पाल्यावरचं वेगळं. आणि शिकाऱ्याचा श्वास आला. नेम धरताना तो श्वास रोखायचा, गोळी सुटली की सोडायचा. मी चुलीपुढे आणि माझ्या मागे कोणीतरी श्वास रोखून उभं. कितीदा मी तवा सोडून मागे वळून पाहिलं असेल. त्या भागात जनावरं आवाजाला बुजायची. त्यामुळे पोरीचे वडील मलाच दटावायचे, "भांडं वाजाडू नको, जनावर पयी जाई!" माझं भांडं त्या काचेतल्या हरणाला काय ऐकू जाणार? पण मी भांडी अलगद ठेवायला लागले. ती सवय अजून आहे.

मग तिसरा भाग आला. पोरगी तेव्हा शाळेत जायची. त्या संध्याकाळी माझ्या पाठीमागे, घरात, पाडस ओरडलं.

लहानपणी नाल्याच्या बाजूने तो आवाज मी ऐकला होता. हरणाचं पिलू आईपासून तुटलं की तसं ओरडतं. बारीक, तुटक, शेवटी थोडं वर चढलेलं. तो ऐकला की आई आम्हाला आत घेऊन कडी लावायची, कारण तो आवाज फक्त हरणीलाच ऐकू जातो असं नाही. मी हातातलं ताट टाकून अंगणात धावले, पोरीला काखेत मारून आत आणलं आणि दार लावलं. पोरीचे वडील डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. बटण दाबलं की पाडसाची हाक निघते, ती ऐकून हरीण जवळ येतं, मग नेम धरायचा, असं त्यांनी समजावलं. कधी कधी लांडगाही येतो म्हणाले. खेळ बनवणाऱ्यांनी खऱ्या जंगलात जाऊन खरे आवाज धरून आणले होते, हे पोरीने वाचलं ते आत्ता. मला ते त्याच दिवशी कळलं होतं.

चौथा भाग मोबाईलवर आला. त्यात सारख्या जाहिराती. त्यांना तो आवडला नाही. पुढे दुकान बंद पडलं, ते शेतीला लागले, पण संध्याकाळी तिसरा भाग चालूच. तीन गोळ्या, हाक, तीन गोळ्या, हाक. मला त्याचा क्रम पाठ झाला. त्यांचा सारा जीव पडद्यात असे. हाकेच्या बटणावर बोट आपोआप जायचं. ती हाक त्यांना ऐकूच येत नसे.

दोन वर्षांमागे थंडीत रानडुकरांनी मक्यात धुडगूस घातला. शिवारात लोक भोंगे लावत होते, कोणी कुत्र्याचा आवाज, कोणी माणसांचा आरडाओरडा. पोरीच्या वडिलांना युक्ती सुचली. एके संध्याकाळी खेळताना त्यांनी मोबाईल स्पीकरपुढे ठेवून अर्धा तास आवाज भरून घेतला. त्याचं मेमरी कार्ड गाणी वाजवायच्या पेटीत घातलं, पेटीला फवारणीच्या पंपाची बॅटरी जोडली, भोंगा बांधावरच्या बाभळीला बांधला. रोज दिवस कलला की ते चालू करून यायचे.

पहिल्या दिवशी मी अंगणातून ऐकलं. तीन गोळ्या. मग थप थप, थप थप. माझ्या भाकरीचा आवाज. मी मागे बसलेली, तोही त्यात भरला गेला होता. आख्ख्या शिवाराला माझी भाकरी ऐकू येत होती. मला लाज वाटली.

"माणूसना आवाज शे, बरंच व्हयनं," ते म्हणाले. "डुकरं बिचकतीन."

आणि थप थप संपली की पाडस ओरडत होतं. त्याबद्दल मी काही बोलले नाही. सगळे खूश होते. डुकरं आठ दिवस फिरकली नाहीत. शेजारच्या शेतवाल्यांनी कार्डाची नक्कल नेली, त्यांच्याकडून आणखी पाचसहा जणांनी. ऊसतोड सुरू झाली होती. उभा ऊस रोज कमी होत होता आणि संध्याकाळी चहूकडून तीच तीन गोळ्यांची, थपथपीची आणि हाकेची पाळी चालायची.

आधी एका वस्तीवरचं कुत्रं गेलं. मग दोन बकऱ्या. मग एका सकाळी पोरीचे वडील शेतातून पांढरे पडून आले. ओल्या मातीत पंजे होते. "बाभूयले येढा मारेल शेत त्याना. एक नही, चार-पाच येढा. मकामा गया नही, कथाच गया नही."

बाभळीभोवती फेऱ्या. मी चुलीपुढे होते. तो पाडस शोधत होता.

दुपारी ओट्यावर माणसं जमली. वनखात्याचा एक माणूस आला होता. त्याने सांगितलं, "दिसला तर पळू नका. वाकू नका, खाली बसू नका. वाकलेला माणूस त्याला जनावर वाटतो. उभे राहा, हात वर करा, ओरडा." मी दाराआड चहा गाळत ऐकत होते.

शेजारचे नाना म्हणाले, "आवाज वाढाडा भाऊ. चार वाजापासूनच लावा. बंदूकले वाघ बी भियास."

"तुन्हा भोंगाले तुन्ही म्हैस बी भियास नही, वाघ कसाले भिई?" कोणीतरी म्हटलं, सगळे हसले, पण ठरलं तेच. आवाज वाढवायचा, लवकर लावायचा.

सासूबाई आत आल्या. "पोरले आते घरी बसाडा," त्या म्हणाल्या. "कालेजमा काय ठेयेल शे? वाटवर वाघ शे." पोरगी लोणखेड्याला कॉलेजात जायची. साडेपाचच्या बसने फाट्यावर उतरायची आणि आमच्याच शेताच्या कडेने, उसाच्या भिंतीलगत चालत घरी यायची. माझ्या आईने मला घरी बसवलं होतं. तेच शब्द माझ्या घरात परत आले होते आणि वाघाला मात्र आम्हीच रोज हाका मारत होतो.

मी सासूबाईंच्या कानाशी लागून म्हटलं, "त्या आवाजात पाडस आहे. त्याने येतो तो."

त्यांना कमी ऐकू येतं. त्या मोठ्याने म्हणाल्या, "काय सांगस वं? कोन येस?"

ओट्यावरची सगळी माणसं दाराकडे वळली. मी म्हटलं, "चहात साखर टाकू का, विचारते."

त्या एका वाक्याची भीती मला अजून वाटते, वाघापेक्षा जास्त.

दुसऱ्या दिवशी पोरीची परीक्षा होती, म्हणून तेवढा दिवस तिला कॉलेजला जाऊ द्यायचं ठरलं. पोरीचे वडील चारलाच भोंगा लावून शहाद्याला पिंजऱ्याच्या अर्जासाठी गेले. पाच वाजले. तीन गोळ्या, थप थप, हाक. वाढवलेला आवाज भिंतीला थडकत होता. सव्वापाच झाले. मी तीन वेळा अंगणाच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. चौथ्यांदा चप्पल घातली.

वाट ओळखीची होती पण पाय माझे नव्हते. दर हाकेला मी थबकत होते. बाभळीपाशी पोचले. पेटी खाली मुळाशी, प्लास्टिकच्या कॅनमध्ये. बटण दाबायचं तर वाकावं लागणार. मी वाकायला लागले आणि मध्येच थांबले. वाकलेला माणूस त्याला जनावर वाटतो. पेटीतून भोंग्याकडे जाणारी वायर माझ्या छातीजवळून वर गेली होती. मी ती दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. एकदा. दुसऱ्यांदा ती तुटली. हाक अर्ध्यावर बंद झाली.

बाकीचे भोंगे लांब होते. बाभळीपाशी इतकं शांत झालं की मला दुसरा श्वास ऐकू आला. दुसऱ्या भागातला नव्हे.

तो उसाच्या तोंडाशी बसला होता. दहाबारा पावलांवर. मांजरासारखा, पुढचे पाय जुळवून. माझ्याकडे बघत नव्हता. वर भोंग्याकडे बघत होता, आवाज कुठे गेला म्हणून. मग त्याने मान खाली केली आणि मला पाहिलं.

तेवढ्यात वळणावरून पोरगी म्हणाली, "माय? तू आठे काय करी ऱ्हायनी?"

तिला तो दिसत नव्हता. ती पुढे येत होती.

मी हात वर केले. आयुष्यात मी जेवढी ओरडले नसेन तेवढी एकदम ओरडले. "तठेच थांब! पयू नको! वाकू नको! उभी ऱ्हाय!" त्यानंतर काय ओरडले ते आठवत नाही. पोरगी सांगते, मी नुसती तिचं नाव घेत होते. तो उठला. घाई न करता वळला आणि उसात गेला. उसाचा शेंडा हलत हलत लांब गेला, तोवर आम्ही दोघी आपापल्या जागी उभ्या होतो. मग ती माझ्याकडे आली. माझे हात तिने खाली आणले, मला ते आणता येत नव्हते.

पोरीचे वडील आल्यावर मी त्यांना कार्ड मोबाईलमध्ये घालून ऐकायला लावलं. गोळ्या झाल्या, भाकरी झाली. "आते ऐका," मी म्हटलं. हाक झाली. त्यांनी पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा ऐकून मोबाईल उलटा ठेवला.

"हाई मले आयकू कसं नही उनं?"

"तुम्ही बघत होतात," मी म्हटलं. "मी भाकरी करत होते."

त्यांनी आणि पोरीने शेताशेतात जाऊन कार्डं पुसली. लोकांना कारण सांगायला त्यांना जड जात होतं, म्हणून ओट्यावर मला बोलवलं. मी दारात आले, पदर सारखा केला आणि सांगितलं. चार वाक्यं असतील. नाना म्हणाले, "वहिनी, आधी कसं नही सांगं?" भोंगे बंद झाले, वाघ हळूहळू कमी दिसू लागला, पोरीचं कॉलेज चालू राहिलं. साडेपाचला मी फाट्यावर जाऊन उभी राहते. ती म्हणते, आता कशाला. मी जाते.

पण तो आवाज कार्डावरून मोबाईलवर गेला होता आणि मोबाईलवरून नातेवाइकांकडे. किती ठिकाणी, ते कोणालाच माहीत नाही.

गेल्या महिन्यात माहेरी गेले होते. दिवस मावळायला आला होता, भावाच्या अंगणात बसले होते. नाल्याकडच्या शेतातून तीन गोळ्या ऐकू आल्या. मला वाटलं, कानात बसलंय ते वाजतंय. मग थप थप, थप थप. माझ्याच हातची भाकरी, माझ्या लहानपणीच्या नाल्यावर. पुढे काय येणार ते मला ठाऊक होतं आणि ते आलं. बारीक, तुटक, शेवटी वर चढलेलं. पलीकडच्या वाटेने शाळेच्या पोरी रांगेने घरी येत होत्या.

मी उठून चप्पल घातली. भाऊ म्हणाला, "कथी चालनी वं? अंधारं पडी ऱ्हायनं."

मी त्याला म्हटलं, तो भोंगा बंद करायला. तू पण चल, बॅटरी घे, आणि वाटेत कुठे वाकू नको.