शर्यतीत साइड देणारा ड्रायव्हर

लातूरबाहेर जुन्या मोटारींचं प्रदर्शन आणि शर्यत होती. सुनेसोबत मीही गेले. मला मोटारीतलं काही कळत नाही, मी माणसं बघत होते. कपाळावर भस्म लावलेला एक म्हातारा ड्रायव्हर काळी मोटार पुसत होता, बैलाची पाठ पुसावी तशी. मालक त्याला म्हणाला, "मामा, आज हरलात तर चावी माझ्या पुतण्याकडं जाईल." म्हातारा नुसतं "हाव" म्हणाला.

शर्यत सुटली. म्हातारा चांगला पुढे निघाला. मागून लाल मोटारीनं हॉर्न दिला. यानं वेग कमी केला, खिडकीतून हात काढला आणि तिला पुढे जाऊ दिलं. लोक पोट धरून हसले.

मी जाऊन विचारलं, "काय ओ, जिंकत होता की! हात कशाला दाखवला?"

"हॉर्न आला की साइड द्यायची, माय. जन्मभर तेच केलं."

"शर्यतीत बी?"

"हात इचारत न्हाई."

परतताना ती मोटार आमच्या जीपपुढं होती. पुतण्या चालवत होता, म्हातारा शेजारी बसला होता. आम्ही हॉर्न दिला. पुतण्यानं रस्ता सोडला नाही. डाव्या खिडकीतून मात्र म्हाताऱ्याचा हात बाहेर आला आणि आम्हाला पुढे बोलवत राहिला.