पाव्हण्याला म्या नांदवलं

हे मी आजवर कुणापाशी बोललो न्हाई. पोरांपाशी न्हाई, आन् देवीपाशी तर न्हाईच. तिच्याच नावानं खोटं बोललो, तिला कुठल्या तोंडानं सांगू?

शेवटच्या संध्याकाळी आमी दोघं ओट्यावर तांदूळ निवडत हुतो. सकाळी हौसा, माझी बायको, गावामागच्या डोंगरावर देवीची ओटी भराय जायची हुती. अनवाणी. गुडघा भोपळ्याएवढा सुजलेला. तिनं इचारलं, "अवो, पाव्हणं बरं हाईत न्हवं?" म्या म्हनलं, "बरं हाईत." आन् खडा उचलून अंगणात फेकला. त्याच दुपारी फोन आला हुता, पाव्हण्याला पुन्हा हाकलला म्हनून.

पाव्हणा म्हंजे कोन, ते सांगतो. सात वर्सांमागं वरंधा घाटाच्या रस्त्याला गाडी बंद पडली आन् आमच्या हिर्डोशीत एक गोरा उतरला. आयर्लंडचा. आधी फुटबॉल खेळायचा, आता हितल्या एका टीमचा मॅनेजर हुता. संगं ड्रायव्हर, भोरचा सलीम. हौसानं नाचणीची भाकरी आन् सुकट वाढलं. गोऱ्याच्या नाकातनं, डोळ्यांतनं पाणी — तरी तीन भाकऱ्या खाल्ल्या, आन् चौथीला ताट पुढं केलं. झालं. हौसा त्याची आई झाली.

सलीमनं त्याची कुंडली सांगितली. सोळाव्या वर्सी घर सोडलं. सात देशांत चौदा क्लबांकडनं खेळला. मॅनेजर झाल्यावर पाच ठिकाणांहून काढला.

"चौदा घरं?" हौसानं तोंडाला पदर लावला. "आन् एकाबी घरी नांदला न्हाई?"

"काकी, त्यो धंदाच तसा. खेळाडू इकत घेत्यात, इकत्यात."

तिनं गोठ्यातल्या बैलाकडं बघितलं, मग गोऱ्याकडं. मॅनेजर काय करतो, तेबी सलीमनं समजावलं — काठावर उभं राहून पोरांवर वरडायचं, आन् पोरं हरली की सगळ्यांच्या शिव्या खायच्या. "म्हंजे आधी सून हुता, आता सासू झाला," ती म्हनली. "सासूलाबी घराभाईर काढत्यात व्हय?"

दोन महिन्यांत त्याला हितनंबी काढला. हौसा तडक देवीपुढं जाऊन नवस बोलली — पाव्हणा एका जागी वरीसभर नांदला तर दर चैत्रात अनवाणी येऊन ओटी भरीन, आन् तवर माझ्या घरात सुकट, मटण, अंडं शिजणार न्हाई.

नवस तिचा, पाव्हणा तिचा — आन् उपास कुणाला?

दीड वरीस काढलं. गडी सायप्रसला गेला, आठ हप्त्यांत भाईर. मग मलेशिया. तिथं तर सामान सोडायच्या आत. सलीम मोबाइलवर त्याची खबर ठेवायचा; त्याचा फोन आला की मी हातातलं काम टाकून धावायचो. पाव्हण्याच्या टीमच्या गोलांची एवढी काळजी त्याच्या सख्ख्या बापानं केली नसंल. शेवटी एका बाजारच्या दिवशी भोरहून पावशेर सुकट घेऊनच आलो. म्हनलं, "हौसे, नांदला गं. वरीस झालं, सलीमचा फोन हुता." तिला फोनवर ऐकू येत न्हवतं. ती रडली. मग चूल पेटवली. मी चार भाकऱ्या खाल्ल्या.

आता तुमाला वाटंल, एवढंच? न्हाई. मी अजून मुद्द्याभवती फिरतोय.

पुढं पाव्हण्याला म्या घर बांधून दिलं. बायको करून दिली. दोन पोरी दिल्या. थोरलीला दात आलं तवा हौसानं आळीत साखर वाटली. हसताय? मीबी हसलो हुतो, गोठ्यात जाऊन.

पन दर चैत्रात ती डोंगर चढली. तिसऱ्या खेपेला काठी लागली. चौथ्या खेपेआधी डॉक्टर म्हनला, गुडघा संपला, डोंगर बंद. ती म्हनली, "देवीनं तिचं केलं, मी माझं करनार." आन् मी? मी खाली आंब्याच्या सावलीला इडी वढत बसायचो. ती लंगडत उतरायची, पाव्हण्याच्या वाटणीचा परसाद माझ्या हातावर ठेवायची, आन् मी खायचो. "त्यो कुठंच नांदला न्हाई" — एवढं म्हनलो असतो तर ती घरी बसली असती. का न्हाई म्हनलो? पैल्या वर्सी सुकट बंद हुईल म्हनून. मागनं — ती माझ्याकडं कशी बघंल, त्याला भ्यालो. तिच्या गुडघ्यापरीस मला माझं तोंड मोठं वाटलं. हाच गुन्हा. ह्येच सांगायचं हुतं.

शेवटच्या संध्याकाळीबी सांगता आलं असतं. म्या खडं निवडलं.

सकाळी ती देवीला जायचं म्हनून आंघोळीचं पाणी तापवाय उठली. चुलीपाशी बसली, ती बसलीच. मी हाक मारली, खांदा धरला, तर माझ्या अंगावर कलंडली.

उन्हं वर आली तवर घर भरलं. मार्गासनीहून तिची धाकटी बहीण शेवंता आली. दारातनंच गळा काढला, "बाई गं, तुझा पाव्हणा नांदाय लागला गं, त्याच्या पोरी आता आजी कुणाला म्हनतील गं—"

सलीम माझ्या शेजारी बसला हुता. त्यानं मान वळवली. "काका, कुठल्या पोरी? साहेबाला तर कालच—"

म्या त्याच्या पायावर पाय दिला. जोरात. शेवंता रडायची थांबली. सगळ्या बायका माझ्याकडं बघाय लागल्या. मदी हौसा, हिरव्या लुगड्यात.

"हाईत, मजेत हाईत," म्या म्हनलं. "पोरी शाळंत जात्यात."

शेवंतानं पुन्हा गळा काढला.