दुसऱ्याच्या पासावरचा बाप

ती बाई आजही आठवते. मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरून पोलीस ठाण्याच्या बाकड्यावर बसलेली. मी तिला मुद्दाम दोन तास ताटकळत ठेवलं होतं. माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. विसर्जनाचा बंदोबस्त नुकताच उरकला होता, अर्धा स्टाफ तापाने आडवा, आणि टेबलावर अर्जांची चळत. खरं सांगतो, मला कुणाचंच काही ऐकायचं नव्हतं.

अर्ज तिच्या विरोधात होता. अर्जदार दोघे भाऊ, ठाकूरद्वारला राहणारे. त्यांचे वडील गिरणी कामगार, वारून बरीच वर्षं झालेली. गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीत वडिलांच्या नावावर घर लागलं होतं आणि कागदपत्रं चालू होती. तेवढ्यात करी रोडची ही बाई त्यांच्या कोकणातल्या गावी जाऊन आली. माझी आई या भावांच्या वडिलांची मुलगी, असं तिने तिथल्या लोकांना सांगितलं. ही खोटी वारस उभी करून घर लाटायला निघालीय, असं भावांचं म्हणणं.

मोठा भाऊ टेबलावर बोट आपटत म्हणाला, "साहेब, हिच्या आईला तान्ही असताना आमच्या बाबांनी खानावळीत आणून ठेवली म्हणते. त्या साली बाबा वर्षभर गावी अंथरुणाला खिळलेले! गावात कुणालाही विचारा."

माझं मत तिथेच झालं. घर म्हटलं की मुंबईत मेलेल्या माणसालाही नवे नातेवाईक फुटतात, हे मी पुष्कळ पाहिलं होतं.

बाईला आत बोलावलं. पन्नाशी उलटलेली, पालिकेच्या शाळेतली शिक्षिका. मी सरळ विचारलं, "किती दिवसांपासून डोळा आहे घरावर?"

ती रडली नाही. म्हणाली, "घर नको मला. आत्ता लिहून देते, सही करते."

"मग गावापर्यंत धडपडायचं कारण?"

"आईला तिच्या बापाचं पान ठेवायचंय."

तिची आई सत्तरीची. तान्ही असताना करी रोडच्या एका खानावळीत राहिली ती तिथेच वाढली. गिरणगावात तेव्हा घरोघरी खानावळी होत्या. गावाकडून एकटी आलेली माणसं एका खोलीत वीस-वीस राहायची, पाळीपाळीने झोपायची आणि जेवायला अशा खानावळीत जायची. त्यांतलाच एक जण तिचा बाप. बायकोला बाळंतपणासाठी मुंबईत आणली होती, ती त्यातच गेली, तेव्हा मूल खानावळवालीच्या हवाली करून कामावर गेला, तो परत आलाच नाही. गावी पळाला, असं खोलीतल्या माणसांनी सांगितलं. खानावळवालीने मुलीला पोटच्या पोरीसारखं वाढवलं आणि शाळेत घालताना बापाचं नाव व गाव तिला माहीत होतं ते लिहून दिलं.

"आई दर सर्वपित्रीला खानावळीतल्या आईचं पान ठेवते," बाई म्हणाली. "बापाचं ठेवत नाही. तो जिवंत की मेला तेच माहीत नाही. आणि टाकून गेलेल्याचं पान कशाला ठेवायचं, असंही म्हणते. पण या वर्षी आजारातून उठली आणि एकच धोशा लावलाय. मला टाकली होती का, तेवढं शोधून काढ. अमावास्येला दहा दिवस उरलेत, साहेब."

पिशवीतून तिने आईचा शाळेचा दाखला काढला. वडिलांचं नाव, गाव, सगळं त्या भावांच्या वडिलांचंच. दाखला खरा होता. माझं डोकं उठलं. म्हणजे भावांचा बापच लबाड, बाहेर संसार करून पोर टाकणारा, असा मी निष्कर्ष काढला. एका दिवसात मी दोन माणसांना चोर ठरवून मोकळा झालो होतो.

दुसऱ्या दिवशी भावांना कागद घेऊन बोलावलं. त्यांनी ऐटीत वडिलांच्या नोकरीचा दाखला पुढे केला. घरासाठी मिळवलेला. पहिल्या दिवसापासून सलग नोकरी, एकही खंड नाही. मी तो वाचला, बाजूला ठेवला, चहा मागवला आणि पुन्हा उचलला.

"वडील वर्षभर गावी आजारी होते ना?"

"हो. शपथेवर सांगतो."

"मग त्या वर्षी गिरणीत हजेरी कुणाची लागली?"

मोठ्या भावाने दाखला ओढून घेतला आणि पुन्हा वाचायला लागला. ते खोटं बोलत नव्हते. हे माझ्या लक्षात यायला उशीर झाला, पण आलं.

त्यांच्या वडिलांच्या खोलीतलं कुणी उरलंय का, हे शोधायला हवालदाराला दोन दिवस लागले. लालबागच्या एका चाळीत, नव्वदीला टेकलेले एक बाबा निघाले. ठाण्यात बोलावलं नाही, मीच गेलो. सोबत ती शिक्षिका होती. मी खुर्ची ओढून बसलो आणि दाखल्यावरचं नाव घेतलं. म्हाताऱ्याने शिक्षिकेला निरखून पाहिलं.

"कुठला तो?" त्यांनी विचारलं. "पासवाला की पासावरचा?"

मग सगळं बाहेर आलं. भावांचे वडील आजारी पडून गावी गेले. नोकरी जाऊ नये म्हणून त्यांनी आपला गिरणीचा पास खोलीतल्या एका गरजू माणसाला दिला. कामावर घेणाऱ्या जॉबरला ठाऊक होतं, त्याने डोळेझाक केली. असं तेव्हा सर्रास चालायचं. तो माणूस दुसऱ्याच्या नावावर रोज कामाला जायचा. गिरणीत, गेटवर, खानावळीत, सगळीकडे त्याला त्याच नावाने हाक, गावही तेच सांगायचा.

"आणि तो पळाला?" मी विचारलं.

"पळतोय कसला, सायबानू! पोर ठेवून खोलीवर आला नि पहिल्या पाळीला निघताना चाळीच्या जिन्यातच छाती धरून पडला. मीच उचलून खोलीवर आणला तर संपलेला." म्हातारा पुढे सरकून बसला. "अमुक मेला, असं गेटवर कळलं असतं तर पासवाल्याची नोकरी गेली असती, जॉबरही गेला असता. खानावळीत गिरणीची चाळीस माणसं जेवायची. तिथे बोललं की गेटवर पोचलंच. म्हणून गावी गेला असं सांगितलं. मीच सांगितलं, मी. खानावळवाली पोर छातीशी धरून उभी होती. पुढे पासवाला आला, त्याला आम्ही दुसऱ्या खानावळीत लावला."

"खरं नाव काय त्याचं?" शिक्षिकेने विचारलं.

त्यांनी नाव सांगितलं, गाव सांगितलं. स्मशानात मात्र आपण त्याचं खरं नावच लिहून दिलं, हेही सांगितलं. पालिकेच्या जुन्या मृत्यूनोंदीत हवालदाराला ते सापडलं. वय सव्वीस.

"आणि त्याची बायको?"

"वहिनी म्हणायचो. नाव नाही ठाऊक, पोरी."

भावांनी अर्ज मागे घेतला. धाकटा जाताना म्हणाला, "म्हणजे आमच्या बाबांची नोकरी त्या माणसाने राखली."

त्या संध्याकाळी शिक्षिका मला तिच्या आईकडे घेऊन गेली. "मी सांगितलं तर समजूत काढते असं वाटेल तिला. तुम्ही सांगा," म्हणाली. म्हातारी पलंगावर बसली होती. मी युनिफॉर्ममध्ये होतो, त्यामुळे आधी घाबरली. मी सगळं क्रमाने सांगितलं, कोर्टात सांगावं तसं. मला दुसरं येत नाही.

तिने पुन्हा पुन्हा एकच विचारलं, "टाकली नव्हती ना मला?"

"नाही, आई."

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग मुलीकडे वळून म्हणाली, "म्हणजे पाळी सुटल्यावर मला न्यायला येणार होता गं तो."

मी उठून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. चौतीस वर्षांच्या नोकरीत असं फार वेळा झालेलं नाही.

नाव, वडिलांचं नाव, वय, धंदा, राहणार. कुठल्याही जबाबाची पहिली ओळ ही. मी हजारो वेळा लिहून घेतली. माणूस खोटं बोलणार ते पुढे, या ओळीत काय तपासायचं, अशी माझी पक्की समजूत. इथे सगळे खरं बोलत होते आणि ती पहिलीच ओळ चुकीची होती. आणि मी खरं बोलणाऱ्या बाईला दोन तास बाकड्यावर बसवलं. तिची माफी मी मागितली नाही. धीर झाला नाही म्हणा, किंवा खुर्ची आड आली म्हणा.

अमावास्येला त्यांनी मला जेवायला बोलावलं. म्हातारीने निरोप पाठवून त्या लालबागच्या बाबांनाही आणलं होतं. तीन पानं वाढली. पहिलं खानावळीतल्या आईचं. दुसरं ठेवताना म्हातारीने बापाचं नाव मोठ्याने घेतलं, गावासकट. तिसरं ठेवताना नुसतं "आई" म्हणाली.

मग तिने चौथं पान वाढलं आणि त्या बाबांसमोर ठेवलं. त्यांना घास उचलवेना. म्हातारी त्यांच्याजवळ बसली आणि म्हणाली, "जेवा. त्याला शेवटचं उचलून आणणारे तुम्हीच ना?"