तुटलं की चिकटलं?

“नाही, मॅडम आता येणार नाहीत. मशीन तुम्ही वापरा,” टेक्निशियन भैया कॉरिडॉरमध्ये फोनवर शेजारच्या लॅबला हिंदीत सांगत होते. मला वाटलं, बदली आली. माझ्या लॅबमधल्या सीनियर, नीलिमाताई, यांचे मिस्टर फौजेत. जयपूरहून कधीतरी हलायचंच होतं. मला न सांगता निघाल्या म्हणून मी मनात रुसलेसुद्धा. मग भैयांनी मला पाहिलं आणि फोन खाली घेतला… पहाटे झोपेतच ताईंचं हृदय थांबलं होतं. आदल्या संध्याकाळी आम्ही दोघींनी मशीन पुसून ठेवलं होतं. महिना उलटला, तरी लॅबचं दार ढकलताना मी आधी त्यांच्या चपला शोधते.

आपण घेतलेल्या अँटिबायोटिक गोळ्यांचा अंश सांडपाण्यातून पुढे जात राहतो. तो मोडून काढायचं काम जयपूरच्या झालाना भागातल्या आमच्या लॅबमध्ये चालतं. पाण्यात अतिसूक्ष्म कणांची काळी पावडर टाकायची आणि अल्ट्रासाउंडच्या लहरी सोडायच्या. मशीन इतकं किंचाळतं की कानांवर इअरमफ लागतात. मी मुळात कमी बोलणारी, इंग्रजी शाळेतली, मराठी घरापुरती. जिथे बोलताच येत नाही ती जागा मला फार सोयीची वाटली. ताई मात्र तिथेही हातांनी बोलायच्या. दोन बोटं जुळवायच्या, झटकन वेगळी करायच्या आणि भुवया उंचावायच्या. म्हणजे, औषध तुटलं, की नुसतं पावडरीला चिकटलं? दोन्ही वेळा ते पाण्यात दिसत नाही. पण चिकटलेलं पुन्हा सुटू शकतं. म्हणून प्रत्येक चाचणी मशीन बंद ठेवून, नुसती पावडर टाकून परत करायची. तरीही औषध नाहीसं झालं, तर ते तुटलेलं नाही, चिकटलेलं. मी कंटाळले की म्हणायच्या, “गादीखाली कपडे कोंबून खोली आवरली म्हणतेस काय गं?”

आमची शेवटची चाचणी सुरेख आली होती. औषध जवळपास दिसतच नव्हतं. मशीन बंद ठेवून करायची फेरी आम्ही दुसऱ्या दिवसावर टाकली होती…

परवा लॅबमधल्याच मीटिंगमध्ये आमचे लॅबप्रमुख सर म्हणाले, हाच निकाल नीलिमाच्या नावाने परिषदेला पाठवू. त्यांचे डोळे भरले होते. सगळ्यांनी माना हलवल्या. खिळ्यावर ताईंचे नारिंगी इअरमफ तसेच होते, पट्टीत त्यांचा एक लांब केस अडकलेला. मी दोन बोटं जुळवून वर धरली आणि वेगळी केली. कोणालाच काही कळलं नाही.

“सर, तुटलं की चिकटलं, ते ताईंनी अजून पाहिलेलं नाही.”