कार्बनच्या खाली मेपल

बसा. चहा सांगितला आहे. माझी फजिती मी स्वतःच सांगून टाकतो. शेजारचा यूसुफभाई ती जुन्या शहरात दारोदार सांगत फिरतो, आणि त्याच्या सांगण्यात मी तारेचा ब्रश घेऊन नाचतो. मी नाचलो नाही. बाकी सगळं खरं आहे.

मी खरादी. शाळा चौथीपर्यंत, त्यापुढे लेथ. पोळपाट, लाटणी, पलंगाचे पाय. माझ्या हातचं लाटणं काचेवर सोडा, पाण्यासारखं जाईल. लाकूड मी नखानं टिचकी मारून ओळखतो. हे मी आयुष्यभर लोकांना ऐकवत आलो. ऐकवायला नको होतं.

अमरावतीचा वसंता माझा मित्र. तरुणपणी एकदा क्लबातली पूलची मोडकी काठी घेऊन आला. पूल म्हणजे काय? मोठ्या टेबलावरचा कॅरमच समजा. सोंगट्यांऐवजी गोळे, बोटाऐवजी काठी.

"महादेव, जोडता येते काय?"

"जोडतो काहून? नवीच करून देतो!"

तेव्हा मी एका बंद पडलेल्या गिरणीच्या भंगारातून मेपलच्या फळ्या आणल्या होत्या. विलायती लाकूड. दुधासारखं पांढरं, रेषा सरळ. काठीचा पुढचा निमुळता भाग, ज्याला हे लोक शाफ्ट म्हणतात, तो मेपलचा केला. मागची मूठ शिसमाची. मधे पितळी पेच, फिरवला की दोन्ही भाग सुटे. टोकाला चामड्याची टिप. वसंतानं काठी हातात घेतली, फिरवून फिरवून पाहिली. नुसता तिच्याकडे पाहत राहिला.

मग तो जन्मभर तिच्यावरच खेळला. खेळ झाला की धोतराच्या तुकड्यानं पुसायचा, लेकराचं तोंड पुसावं तसा. आणि मुठीवर त्यानं एक लाल ठिपका लावला होता. दसऱ्याला आपण हत्याराला लावतो ना, तसा. तो ठिपका पाहिला त्या दिवशी मला घास गेला नाही. आपल्या कामाची पूजा करणारा माणूस किती जणांना भेटतो?

आता वसंता नाही. त्याची पोरगी वर्षा खेळते, तीच काठी घेऊन. मध्यंतरी तिचा फोन आला.

"काका, रविवारी मॅच हाये माही. बाबांची काठी एसटीनं पाठवून राहिली. शाफ्ट कार्बनची हाये. टिप नवी बसवा, अन् जराशी साफ करून द्या."

मी काय समजलो? शाफ्टवर कार्बन आहे!

तुम्हीच सांगा, कार्बन म्हणजे काय? यूसुफभाई मोटारसायकली दुरुस्त करतो. दिवसभर माझ्या कानावर एकच: प्लगला कार्बन धरला, सायलेन्सरमध्ये कार्बन साचला. कार्बन ही चढणारी गोष्ट. चढली की काढायची.

पार्सल सोडलं. मूठ तीच, ठिपका तोच. आणि शाफ्ट? काळी कुळकुळीत! टोकापासून पेचापर्यंत!

"चुलीत खुपसली होती काय पोरीनं!" मी ओरडलो.

"आता सर्व्याइकडं गॅस हाये," बायको आतून म्हणाली. तिला कोणी विचारलं नव्हतं.

टिचकी मारली. आवाज वेगळाच आला. कार्बनमुळे, दुसरं काय! मग काचेवर फिरवली. अहो, अशी गेली की फिरते आहे की थांबली आहे ते कळेना. माझी छाती भरून आली. यूसुफभाईला हाक मारली.

"पाह्य! इतके वर्ष झाले, केसभर वाकली नाई. याले म्हनतात हात!"

"हात तो ठीक है," तो म्हणाला, "पन कार्बन जबर पकडला हाये इसने."

"निघन काय?"

"अबे, माह्या हातून आजपर्यंत कोनता कार्बन सुटला?"

पेट्रोल लावलं. निघेना. तारेचा ब्रश मारला. निघेना. मग मी शाफ्ट लेथवर चढवली आणि खरबरीत पॉलिश पेपर लावला. काळा भुगा असा उडाला! माझ्या हाताला खाज सुटली. यूसुफभाईची पांढरी दाढी तरुण झाली. "अब आयेगा मेपल," तो म्हणे. "आलाच," मी म्हणे. कार्बनच्या खाली कार्बन, त्याच्या खाली कार्बन. एवढा तर ट्रकच्या सायलेन्सरमध्येही नसतो, असं त्याचं मत पडलं.

मधेच मला वसंता आठवला. त्याचा धोतराचा तुकडा आठवला. या पोरीनं बापाच्या काठीचे काय हाल केले! मी आणखी जोरानं घासलं.

तेवढ्यात वर्षा दारात उभी. बसनं आली होती, काठी स्वतः न्यायला. पिशवीतून तिनं आणखी एक शाफ्ट काढली.

"काका, हिचीबी टिप पाहून द्या. सोबतीले राहू द्या म्हटलं."

मी लेथ थांबवला. ही शाफ्ट घामानं पिवळी पडलेली, टिपेला लावायच्या खडूनं निळसर झालेली. काचेवर सोडली. टक, टक, टक. लंगड्या बकरीसारखी चालली.

"ही कोन्या अडान्यानं केली?" मी विचारलं. "लाकूड सोन्यासारखं, अन् हात दगडाचा!"

वर्षानं यूसुफभाईकडे पाहिलं. यूसुफभाईनं छताकडे पाहिलं. त्याला माझ्याआधी कळलं होतं.

"काका," ती हळूच म्हणाली, "ही तुमचीच हाये. बाबांची."

"मंग लेथवरची कोनाची?"

आता तिची नजर लेथवर गेली. "माय वं! काका, काय करून राहिले तुमी?"

"कार्बन काढून राहिलो. खाली मेपल लागूनच नाई राहिला!"

"लागन कसा? ती अख्खी कार्बनचीच हाये! कार्बन फायबर! आत लाकूड नाईच!"

मग तिनं समजावून सांगितलं. ही कारखान्यात बनते. घाम नाही, ओल नाही, ऊन नाही, कशानंही वाकत नाही. हल्ली बरेच जण हीच वापरतात. तिनंही बापाच्या मुठीला हीच बसवून घेतली होती.

म्हणजे मघाशी ज्या सरळपणाची मी छाती फुगवून तारीफ केली, तो यंत्राचा. माझी ती बकरी.

"मेपल हाये. हवेनं वाकली असन," मी म्हणालो.

"नाई काका. बाबा म्हनत, आली तवापासूनच अशी हाये. म्हनून तं तो लाल ठिपका. ठिपका वर धरला की बाक खाली जाते, अन् गोळा सरळ जाते. मले म्हनत, महादेवले सांगू नको, तो जेवनार नाई."

पूजेचा ठिपका! मी स्टुलावर बसलो. वसंता, किती वर्षं तू या दुकानात बसून चहा प्यायलास. एक शब्द बोलला नाहीस.

पण मॅच तोंडावर आली होती. काळी शाफ्ट इतकी खरबरीत झाली होती की बोटांवरून सरकेना. पोरीचा चेहरा पडला.

"आन इकडं," मी म्हटलं, "बापाचीच सरळ करून देतो."

"हात नका लावू!" ती केवढ्यानं ओरडली! "मी हिच्यावरच शिकली. बाक माह्या हाताले पाठ हाये. सरळ केली तं मी मारू कुठं?"

मी फक्त टिप बसवली. वाकडं काम आयुष्यात पहिल्यांदाच दुकानाबाहेर जाऊ दिलं. दुसऱ्यांदा. पहिल्यांदा मला माहीत नव्हतं.

रविवारी दुकान उघडून नुसता बसलो. संध्याकाळी फोन वाजला.

"काका, जिंकली!"

"बरं," मी म्हटलं आणि फोन ठेवला. बायकोला दोन कप चहा सांगितला. यूसुफभाई त्या दिवशी दर्यापूरला गेला होता. तिनं एक माझ्यापुढे ठेवला, एक वसंता बसायचा तिथं.

ही झाली फजिती. इथे संपली असती तर मी खपवून घेतली असती. पण परवा अमरावतीचे दोन तरुण आले. खांद्याला काठ्यांच्या लांब पिशव्या.

"कार्बन घेत नाई," मी आधीच बजावलं.

"नाई काका, आमाले मेपलचीच पाहिजे. वर्षाताईसारखी. तिचा खेळ पाहिला आमी."

बघा! माझी मान वर झाली. गिरणीची शेवटची फळी काढली, काच पुसली. "अशी सरळ करून देतो की..."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"सरळ नको, काका. तिच्यासारखीच पाहिजे. थोडीशी वाकडी."

मी तोंड उघडणार, एवढ्यात शेजारून यूसुफभाई ओरडला,

"बना दे ना, महादेव! तुझा तो हात बसला हाये उसमें!"